शेवंडाचे पाय

यमुनाअक्कांच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी आहे. शिवी वगैरे नव्हे. तो शब्द म्हणजे ‘अर्थातच’.

हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. माझ्या नवऱ्याची, सुहासची, बदली नाशिकहून थेट तंजावूरला झाली होती. मेल वीदी नावाच्या रस्त्यामागच्या गल्लीत एका मराठी बाईंच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, असं त्याच्या ऑफिसात कोणीतरी सांगितलं. मराठी घरमालकीण! आम्ही सामान स्टेशनवर टाकून तसेच धावलो. दार उघडलं ते एका काटकुळ्या, साठी उलटलेल्या बाईंनी. सुती साडी, दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा आणि अंबाड्यात फुलाच्या जागी पेन्सिल.

“तुम्ही शाकाहारी काय?” त्यांनी विचारलं.

“अर्थातच!” सुहास म्हणाला.

“अर्थातच कसें? सिद्ध कर.”

सुहास हसला. त्या हसल्या नाहीत. दारही पुरतं उघडलं नाही. शेवटी त्यानं खांद्यावरच्या पिशवीतून प्रवासातला डबा काढला आणि मेथीचे ठेपले दाखवले. अक्कांनी चष्मा लावून, वाकून बघितलं.

“आज शाकाहारी आहां, इतकेंच सिद्ध झालें,” त्या म्हणाल्या. “पण सरी. आंत या.”

माझं माहेर मालवणचं. मी त्या वेळी गप्प राहिले.

यमुनाअक्का हे त्यांचं खरं नाव नाही. का बदललं ते पुढे कळेलच. तशी भीती नाही म्हणा. त्या गल्लीत मराठी बोलणारी पाच-सहा घरं आहेत, पण देवनागरी वाचता येणारं त्यांत कोणी नाही. अक्कांनाही येत नाही. किराण्याची यादीसुद्धा त्या मराठीत बोलतात आणि तमिळ अक्षरांत लिहितात. त्यांची मराठी ऐकून पहिले आठ दिवस मला आपण एखाद्या बखरीच्या घरात भाड्यानं राहतोय असं वाटायचं. ‘उगे बैस’, ‘कोठें गेली होतीस’, ‘हें काय मणून आणलेंस’. मध्येच ‘अय्यो’, ‘सरी’ म्हणजे ठीक, आणि ‘पोदुम’ म्हणजे पुरे. शेवटी माझाही सूर बदलला. मालवणला फोन केला की आई विचारायची, “अगं, तू गातेयस का बोलतेयस?”

गल्लीत त्यांना सगळे ‘कणक्कु टीचर’ म्हणत, म्हणजे गणिताच्या बाई. वांगीवाला गाडी घेऊन यायचा आणि ओरडायचा, “कोवळी वांगी, अम्मा, एकही किडकं नाही!” अक्का गच्चीवरून ओरडायच्या, “निरूपि!” म्हणजे तमिळमध्ये ‘सिद्ध कर’. बिचाऱ्यानं पुढे पुढे ओरडणंच सोडलं. आमच्या दारासमोर गाडी थांबवायची, एक वांगं चिरून दोन फाका गाडीच्या कडेला मांडायच्या आणि मुकाट्यानं उभं राहायचं. एकदा वांगं खरंच किडकं निघालं. अक्का इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी त्यांनी दुप्पट वांगी घेतली.

सकाळी गल्लीतल्या बायका दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात. अक्काही काढत. पण इतरांच्या दारात कमळं आणि मोर, तर अक्कांच्या दारात एक झाड, त्याला फांद्या, आणि प्रत्येक गाठीवर आकडा. एक नवा कुरिअरवाला त्या अंगणापुढे पाच मिनिटं डोकं खाजवत उभा होता. “अम्मा, यातला तुमच्या घराचा नंबर कोणता?”

त्या आकड्यांचं कोडं मी एकदा विचारलं आणि माझी ती दुपार संपली. पण समजलं मात्र. अक्कांनी जमिनीवर एका ओळीत चार ठिपके काढले, ते तीन रेघांनी जोडले आणि ठिपक्यांना आकडे दिले : शून्य, तीन, एक, दोन. “आतां शेजारच्यांची वजाबाकी कर.” तीन, दोन, एक. “एकही वजाबाकी पुन्हा आली काय? नाहीं. एकही राहिली काय? नाहीं. असें झालें की झाडाला आंकडे शोभले मणायचें. आतां सांग, कोणतेंही झाड घेतलें, कितीही फांद्यांचें, तर त्याला असे आंकडे देतां येतील काय?”

“येतील की,” मी म्हटलं. ‘अर्थातच’ अगदी ओठांवरून परत गिळलं.

“सगळ्यांना असेंच वाटतें. आजवर सिद्ध कोणाला झालें नाहीं. मलाही नाहीं.” हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला वाटलं, आता पेढे देतात की काय.

चौतीस वर्षं त्यांनी मुलींच्या एका कॉलेजात शिकवलं. डॉक्टरेट केली ती चाळिशीनंतर, दर शनिवारी बसनं तिरुच्चीला जाऊन. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “जेव्हां विचारायला आले तेव्हां मी एका झाडांत होतें.” पहिल्याच परिषदेला गेल्या, तेव्हा नावातल्या ‘राव’मुळे आयोजकांनी त्यांना पुरुष समजून एका मिशाळ प्राध्यापकांच्या खोलीत जागा दिली होती. वेगळी खोली मिळेपर्यंत अक्का नोंदणीच्या टेबलाशी ठाण मांडून बसल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाच्या गोषवाऱ्यात एक चूक शोधून काढली. खोली लगेच मिळाली. पुढच्या वर्षी आमंत्रण मिळालं नाही.

त्यांच्या सहकाऱ्यांचे पन्नास-पन्नास, साठ-साठ पेपर. कालच्या झाडाला आज एक पान वाढवायचं, की झाला नवा पेपर. अक्कांचे उभ्या नोकरीत नऊ. “दहावा होतो आहे,” असं त्या आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हाही म्हणत होत्या. तो दहावा त्या अकरा वर्षं करत होत्या.

त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मी नाशकात डीटीपीचं काम करायची, लग्नपत्रिका, स्मरणिका असलं. हे कळल्यावर अक्कांनी मला ताबडतोब टंकलेखनाला बसवलं. “तुला गणित कळतें काय?” “नाही.” “छान. मग तूं आपल्या मनाचें कांहीं घालणार नाहींस.”

दुपारचं टिफिन झालं की त्या झोपाळ्यावर बसून सांगायच्या आणि मी टाइप करायची. गणितवाल्यांनी या झाडांना नावं काय एकेक ठेवली आहेत! सुरवंट, कोळी, फटाक्यांची माळ, केळीचं झाड. आणि लॉब्स्टर. अक्कांचा अकरा वर्षांचा जीव या लॉब्स्टरमध्ये अडकला होता. लॉब्स्टरला मराठीत शेवंड म्हणतात हे मीच त्यांना सांगितलं, आणि तो शब्द त्यांना इतका आवडला की नंतर दुसरं काही म्हणेनात.

त्यातून एक घोटाळा झाला. माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या. कडक सोवळ्यातल्या. दुपारी त्या जिन्यातून खाली येत असताना अक्कांचा खणखणीत आवाज आला, “शेवंडाचे सगळे पाय काढ, मणजे सुरवंट राहतो. मग सुरवंटाचे पाय काढ!” सासूबाई जिन्यातूनच परत फिरल्या. त्यानंतर जाईपर्यंत त्यांनी त्या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. खाली शिजतंय काय, हे सुहासनं कागदावर झाड काढून समजावलं, तरी त्यांचा चेहरा काही बदलला नाही.

असं आमचं चाललं असताना एका उन्हाळ्यात तो पेपर आला.

गणितातला लेख छापण्याआधी मासिकवाले तो एखाद्या जाणकाराकडे गुपचूप तपासायला पाठवतात. लेखकाला आपला परीक्षक कोण हे कधीच कळत नाही. शेवंडांवर काम करणारी माणसं जगात मोजकीच, आणि ओळ न् ओळ वाचणारी त्याहून कमी. त्यामुळे असे लेख अक्कांकडे नेहमी यायचे. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. गुप्ततेबद्दल त्यांनी माझ्याकडून देवासमोर शपथ घेतली होती. नाव बदललं आहे ते त्यासाठी.

या लेखाची लेखिका होती एस. पोन्नी. हेही मी दिलेलं नाव. पत्ता कावेरीकाठच्या एका गावातल्या छोट्या कॉलेजाचा. आमच्याकडून बसनं तासाभराचं अंतर. इंग्रजी मोडकंतोडकं. मी वाचत होते, अक्का झोपाळ्यावर डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या पानावर झोपाळा थांबला.

“पुन्हा वाच.”

मी वाचलं.

“अय्यो,” त्या हळूच म्हणाल्या. “ही कोठून आली?”

सहाव्या पानावर पोन्नीनं एक वाक्य लिहिलं होतं, ‘हे उघड आहे की’ आणि पुढे दोन ओळी. अक्का ताडकन उठल्या. ते उघड नव्हतं. तिथे मोठं भोक होतं, आणि त्या भोकातून तिचा सगळा लेख खाली पडत होता.

“मग नाकारायचा का?” मी विचारलं.

अक्का आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटातून एक जुनी वही घेऊन आल्या. अकरा वर्षं त्या जे करत होत्या ते या वहीत होतं. ते पुरं होत नव्हतं, कारण सुरुवात सापडत नव्हती. पोन्नीकडे सुरुवात होती आणि मधलं नव्हतं. “मी एका बाजूनें बोगदा खणत होतें ग,” त्या म्हणाल्या, “ही पोर दुसऱ्या बाजूनें आली. मध्यें एवढी भिंत राहिली आहे, आणि ती पाडायचें माझ्यापाशीं आहे.”

पुढचे चार दिवस अंगणात कोलम नाही. वांगीवाला वांगं चिरून उभा राहिला आणि निघून गेला. अक्का जेवायला बसायच्या आणि भात चिवडून उठायच्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बसवलं आणि संपादकांना पत्र सांगितलं. लेखातली उणीव मला भरून काढता येते. ते काम माझं स्वतःचं, अनेक वर्षांचं आहे. तरी लेखिकेची संमती असेल तर हा लेख दोघींच्या नावानं छापावा.

मी मनातून नाचले. “छानच की, अक्का. दहावा पेपर!”

“वाचून दाखव.”

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

“पुसून टाक.”

“का? खोटं काय आहे त्यात?”

“खोटें कांहीं नाहीं. पण हा तिचा पहिला पेपर. असल्या गांवांत, असल्या कॉलेजांत. दोन नांवें दिसलीं की सगळे मणतील, म्हातारीनें केलें, पोरीनें नांव लावलें. मणतीलच. आणि कांहीं वर्षांनीं तिलाही तसेंच वाटूं लागेल. पहिला पेपर अख्खा असावा, वैशाली.”

“आणि तुमची अकरा वर्षं?”

“पुसतेस, कीं मी पुसूं?”

मी पुसलं. मग त्यांनी वही उघडली आणि परीक्षकाचा अभिप्राय सांगायला घेतला. सहा दुपारी लागल्या. सतरा पानं झाली. अकरा वर्षांतलं सगळं त्यांनी त्यात घातलं, आणि वर लिहायला लावलं की ही केवळ एक सूचना आहे, लेखिकेनं हवी तर वापरावी. शेवटच्या पानावर मला म्हणाल्या, “खालीं एक ओळ घाल : लेखिकेनें धीर सोडूं नये.” मग जरा विचार करून, “नको, फार गोड होतें.” मग परत, “असूं दे.”

पुढच्या वर्षी तो लेख छापून आला. अक्कांनी तो वाचला, ‘बरा आहे’ म्हणाल्या आणि विषय संपला.

नंतर एक दिवस अक्कांच्या जुन्या कॉलेजातून निरोप आला. पोन्नीचं व्याख्यान ठेवलं होतं आणि निवृत्त बाई म्हणून अक्कांना बोलावलं होतं. मी रिक्षातून त्यांना घेऊन गेले. पोन्नी तिशीची असेल. सावळी, चणीनं लहान, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. ती बोलली ते गणित माझ्या डोक्यावरून गेलं. शेवटी तिनं एका अनोळखी परीक्षकाचे आभार मानले तेव्हा मी अक्कांकडे बघितलं. त्या समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत होत्या.

प्रश्नांच्या वेळी पहिला हात त्यांचाच. “सहाव्या पानावरची पायरी. ती कां खरी आहे?”

मी दचकले. ती पायरी त्यांनीच लिहिलेली! पोरीला कळलंय की नुसतंच उतरवलंय, हे बघत होत्या.

“मॅडम, लेखात त्या पायरीला साडेतीन पानं लागलीत,” पोन्नी म्हणाली. “पण परवा मला एक सोपं दिसलं. दाखवू?” तिनं फळा पुसला आणि सात ओळी लिहिल्या. फक्त सात. खडू ठेवला.

अक्का उठून फळ्यापाशी गेल्या. चांगला डोळा फळ्याला जवळजवळ लावून एकेक ओळ वाचली. सभागृहात चुळबूळ सुरू झाली. अकरा वर्षं आणि सात ओळी! अक्का वळल्या आणि मला आधी कळेचना की या रडताहेत का हसताहेत. त्या हसत होत्या. मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं.

“पुन्हा लिही,” त्या म्हणाल्या. “हळू लिही. मला बघायचें आहे.”

कॉफीच्या वेळी पोन्नी आपण होऊन आमच्याकडे आली. पिशवीतून तिनं एक प्लास्टिकचा फोल्डर काढला. आत ती सतरा पानं होती, मी टाइप केलेली, कडा मऊ झालेली.

“मॅडम, तुम्ही इतकं नेमकं विचारलंत म्हणून दाखवते,” ती म्हणाली. “त्या वर्षी माझे वडील गेले. घरचे म्हणत होते, पुरे झालं गणित. मीही सोडणारच होते. तेवढ्यात हे आलं. कोणीतरी परदेशातले मोठे प्रोफेसर असणार. मला न ओळखता त्यांनी सतरा पानं लिहिली. शेवटी तर लिहिलंय, धीर सोडू नये.”

अक्कांनी चष्मा लावून पानं चाळली. जणू पहिल्यांदाच बघताहेत.

“अकराव्या पानावर वजाच्या जागीं अधिक पाहिजे,” त्या म्हणाल्या.

चूक माझी होती. टायपिंगची. मी खाली बघितलं.

“हो, मॅडम. मला तेव्हाच दिसलं होतं,” पोन्नी म्हणाली. “पण मी दुरुस्त केलं नाही. त्यांचं आहे ते.”

अक्कांनी पानं सारखी केली, फोल्डरमध्ये घातली, बटण लावलं. “कोणी रिकामटेकडा असेल,” त्या म्हणाल्या. “तूं जेवलीस काय? चल. घरीं सांबार-भात आहे.”

ती जेवली, आणि दुपारभर दोघी वाद घालत बसल्या. तिला बसवर सोडून आल्यावर मी अक्कांना विचारलं, “का नाही सांगितलंत? शपथ माझी होती, तुमची तर नव्हती.”

“सांगितलें असतें तर पायां पडत बसली असती. आतां बघ, कशी भांडते!”

तेव्हापासून पोन्नी महिन्यातल्या दोन-तीन रविवारी येते. फळ्यावर झाडं काढली जातात, पुसली जातात, आवाज वर आमच्यापर्यंत येतात. मागच्या रविवारी ती गेल्यावर मी खाली उतरले, तर अक्का त्यांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका पेपरवर लाल पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होत्या.

“काय झालं?”

“पोन्नीनें चूक काढली. चौथ्या पानावर. सगळा पेपर पडतो.”

त्यांचे पेपर नऊच तर होते. “वाईट वाटून घेऊ नका, अक्का,” मी म्हटलं.

“वाईट?” त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. पुसतच राहिल्या. “इतक्या वर्षांत मला कोणी चूक आहे मणून सांगितलें नाहीं ग. मला वाटे, बरोबरच असेल. आज कळलें. कोणी वाचलेंच नव्हतें.”

मग त्यांनी पोन्नीचा नि आपला असे कॉफीचे दोन्ही पेले उचलले आणि आत नेऊन, पाणी बराच वेळ सोडून, धुतले.